दिवे घालवले की बोलणारा टेप

सन एकोणीसशे नव्व्याण्णव. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. मास्तरानं माझा कान धरला, मी मास्तराचा हात धरला, आणि तिथंच आमची विद्या संपली. पण पुढं जन्मभर गाडी चालवली आणि इंजिन उघडताना कधी कुणाला विचारायला गेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, म्हातारा भ्याला होता. भ्यालो होतो. पळालो नव्हतो.

मूळचा मी नायगावकडचा, सासुरवाडी औशाकडची. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औशाच्या भागात पत्रे, सिमेंट, माणसं, सगळ्यांची ने-आण वाढली. म्हणून नांदेडला एक जुनी डिझेलची जीप घेतली आणि इकडंच औशाला येऊन राहिलो. नवी गावं बांधून होतात न होतात तोवर लातुरात क्लासचं पेव फुटलं. किराणा दुकानाच्या माडीवर क्लास, दवाखान्याच्या मागं क्लास. ज्यांची ऐपत होती त्यांनी पोरांना लातुरात खोली करून दिली. ज्यांची नव्हती त्यांची पोरं माझ्या जीपमध्ये. सकाळी न्यायची, दिवसभर तिथंच थांबायचं, संध्याकाळी परत आणायची.

त्यात एक पोरगी होती, भूकंपातल्या गावची. बारावीला होती. बाप भूकंपात गेलेला, घरात ती आणि आई. आई मला दादा म्हणायची, म्हणून पोरगी मामा म्हणायची. बोलायला फटकळ. एकदा मी म्हणालो, "डॉक्टर झालीस की माझे गुडघे फुकट बघ." तर म्हणाली, "मामा, गुडघे बघीन, पण आधी तोंडाला टाके घालीन."

तिच्या नव्या गावाचा फाटा जुन्या गावाला लागूनच होता. जुनं गाव म्हणजे दगडांचे ढीग, त्यातून वर आलेल्या वेड्या बाभळी आणि मधेच एखादी चौकट, नुसतीच उभी. आईचं शेत तिथंच. तिची एकच अट होती, पोरगी फाट्यावर नुसती उतरवून जायचं नाही, तिच्या हातात द्यायची. त्यामुळं संध्याकाळी फाट्यावर आलो की मी इंजिन बंद करायचो, दिवे घालवायचो आणि आई शेतातून येईपर्यंत थांबायचो. बाकीची पोरं तोवर चुळबुळ करायची. करू देत. शब्द दिला होता.

आता टेपचं सांगतो. डॅशबोर्डवर माझी खंडोबाची तसबीर होती आणि तिच्यापुढं लाल बल्ब. त्या बल्बाची तार मी थेट बॅटरीवरून घेतली होती, चावीवरून नाही. वाटेत इंजिन बंद केलं तरी देवापुढं अंधार नको, एवढाच हिशेब. नांदेडला एका टेप बसवणाऱ्याकडं गेलो तेव्हा तो म्हणाला, "काका, टेपची तार चावीवर घेतो. बॅटरी वाचंल."

मी म्हणालो, "माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतल्या कॅसेटी वाजणार हायत ह्याच्यावर. देवाची गाणी देवाच्याच तारेवर."

तो हसला आणि त्यानं तसंच जोडलं. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही.

पहिले काही महिने टेप खणखणीत वाजला. फक्त संध्याकाळी दिवे लावले की बंद पडायचा. मी म्हणालो, बॅटरी कमजोर असंल. मग बॅटरी खरंच उतरायला लागली. म्हणून मी जिथं मुक्काम तिथं, लातुरात काय नि घरी काय, दिवे चालू असताना किंवा इंजिन चालू असतानाच बॉनेट उघडून बॅटरीची पट्टी काढून ठेवायला लागलो. पुढं पुढं टेपचा आवाज दिवसाही बसत गेला. डिझेलच्या खडखडाटात तो आहे की नाही हेच कळेना. मेला म्हणून मी त्याचा नाद सोडला. आत एका बाईच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट होती, ती आतच राहिली. बटणही चालूच राहिलं.

संक्रांत होऊन गेली होती. मधले दोन महिने आई माझ्या आधीच फाट्यावर येऊन उभी असायची, म्हणून इंजिन बंद करायची वेळच आली नव्हती; त्या दिवशी ती अजून शेतात होती. दिवस लहान, थंडी, फाट्यावर पोचेपर्यंत दिवेलागण झालेली. मी इंजिन बंद केलं, दिवे घालवले. आणि जीपमध्ये कोणीतरी बोललं.

बोललं म्हणजे शब्द नव्हते. घसा दाबल्यासारखा, ओढत ओढत, खालच्या पट्टीतला पुरुषाचा आवाज. एक हुंकार, मग लांबच लांब काहीतरी, मग पुन्हा हुंकार. मागची पोरं एकमेकांना चिकटली. मी टेपकडं बघितलंसुद्धा नाही, कारण टेप माझ्या लेखी मेला होता, आणि आत होती ती बाईची कॅसेट. मी बघितलं मीटरकडं. गाडी बंद, दिवे बंद, आणि मीटरमागचा बल्ब राखेतल्या निखाऱ्यासारखा धुगधुगत होता. आवाज चढला की जरा लाल, आवाज उतरला की विझत आलेला. श्वास घेतल्यासारखा.

माझा हात आपोआप दिव्याच्या बटणावर गेला. दिवे लागले. आवाज एकदम थांबला. समोर बाभळी लख्ख दिसल्या आणि बाभळीपाशी पोरीची आई उभी होती, डोक्यावर कडब्याची पेंढी. तिनं ऐकलं होतं. पेंढी तिनं तिथंच टाकली, पोरीचा हात धरला आणि निघून गेली.

गावात बातमी जायला काय लागतं? दुसऱ्या दिवशी औशाच्या चहाच्या गाड्यावर एकजण म्हणाला, "काय हो, तुमच्या जीपमध्ये एक शीट जास्तीचं बसून राहिलंय म्हणे?"

"बसलंय. त्याला उतरवायला तूच ये संध्याकाळी," मी म्हणालो.

"ह्या जीपनं भूकंपात मढी वाहिली असतील."

"भूकंपात ह्या दोन जिल्ह्यांतल्या कोणत्या जीपनं वाहिली न्हाईत, ते सांग. तुझ्या मेहुण्याच्या ट्रॅक्टरनं काय वराती वाहिल्या का?"

तोंड बंद केलं त्याचं. पण खोटं का बोलू, त्या संध्याकाळी फाटा जवळ आला तशी मी गाडी विनाकारण दुसऱ्या गिअरवर आणली. पुन्हा इंजिन बंद केलं, दिवे घालवले. पुन्हा तोच आवाज. ह्या वेळी मी टेपला हात लावून बघितला. आतून थरथरत होता. आवाज तिथूनच येत होता. पोरगी पुढच्या सीटवर होती, तिच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. पण ती म्हणाली, "मामा, दिवे लावून बघा." लावले. थांबला. "घालवा." घालवले. आला. "दिवे लागले की गप, दिवे गेले की बोलतो. म्हणजे दिव्याच्या तारेशी ह्याचं काहीतरी हाय."

"मला अक्कल शिकवू नको," मी म्हणालो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी फाट्यावर आली नाही. मी सगळ्यांना जीपमध्ये बसवून ठेवून तिच्या दारात गेलो. एका मापाची, एका रंगाची घरं, ओळीनं. आई उंबऱ्यावर बसली होती. पोरगी आत भिंतीला टेकून, दप्तर मांडीवर.

"दादा, पोरगी येणार न्हाई आता," आई म्हणाली.

"परीक्षा तोंडावर हाय, माय. वर्ष जाईल."

"जाऊ द्या. माणूस जाण्यापरीस वर्ष जाऊ द्या."

मी म्हणालो, "तो टेप हाय. तारेचा दोष हाय. मी काढतो."

ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. बाहेर बघत सांगत गेली. "पहाटं घर पडलं. मी आन् पोरगी पडवीत होतो, वाचलो. हे आत. दगड उचलायला माणूस कुठं होतं, जो तो आपापल्या ढिगावर. खालून ह्यांचा आवाज येत व्हता. शब्द न्हाई कळायचे. नुसता असा, लांब, खालून. मी वरून बोलायचे, मग खालून यायचा. सांज झाली, अंधार पडला, आन् थांबला. दादा, मी हे कुणाला बोलले न्हाई. तुमच्या गाडीत तोच आवाज हाय. मी वळखते. पोरीला बोलावून राहिलेत ते."

मी ढिगाऱ्यांतून माणसं काढताना बघितली होती, पण असा आवाज कुणी मला सांगितला नव्हता. आत पोरगी म्हणाली, "मामा, तुम्ही जा. पोरांना उशीर होईल." आवाज तिचा सरळ होता, पण दप्तराचा पट्टा तिनं बोटाभोवती इतका पिळला होता की बोट पांढरं झालं होतं.

तेव्हा मी ठरवलं. हा दोष काढायचा, आणि त्या बाईच्या डोळ्यांदेखत काढायचा. नाहीतर ती पोरगी त्या भिंतीला टेकूनच बसणार.

पोरांना लातुरात सोडलं आणि आधी नांदेड गाठलं. टेप बसवणारा म्हणाला, "काका, माझं काम ओके हाय. तुमच्या देवाची तार डायरेक्ट हाय, ती कापा, सगळं शांत होतंय बघा."

"देवाच्या तारेला चाकू लागणार न्हाई. टेप बघ."

त्यानं टेपला कान लावला. मी दिवे घालवले. आवाज आला. भर दुपारी, रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट चाललेला, तरी तो मागं सरकला. "काका," तो हळूच म्हणाला, "तारेचा दोष न्हाई हा. गाडीतच काहीतरी हाय. माझ्या वळखीचे एक बाबा हायत."

"बाबाला अर्थिंग कळतंय का?" मी विचारलं आणि जीप वळवली.

घरी अंगणात जीप लावली. बायको म्हणाली, "जेवा तरी." म्हणालो, आधी हे. एक बल्ब घेतला, त्याला दोन तारा जोडल्या, बस, माझं यंत्र तेवढंच. टेपवाला म्हणतो देवाची तार, तर पहिल्यांदा देवाचा बल्बच काढला. बायको म्हणाली, "काय करून राहिलात हो, देवापुढचा दिवा काढता?" म्हणालो, देवावरचा आळ काढून राहिलोय. बल्ब काढला तरी आवाज तसाच. म्हणजे देव सुटला.

मग टेप बाहेर ओढला. मागं तारांचं आतडं. लाल तार देवाच्या तारेवर, मीच सांगितलेली. टेपची काळी तार गाडीच्या पत्र्याला जायला पाहिजे. ती पत्र्याला गेलीच नव्हती. आत एका दुसऱ्या काळ्या तारेला पिळून जोडलेली. त्या बेट्याला काळी तार दिसली, अर्थिंग समजून जोडून टाकली. मी बल्बाची एक तार बॅटरीच्या लालला लावली, दुसरी पत्र्याला. बल्ब फक्क. मग तीच दुसरी तार त्या काळीला लावली. बल्ब मंद, आणि त्याच्याबरोबर मीटरमागचा बल्बही मंद लागला.

तिथं मी खाली बसलो. ती काळी तार पार्किंगच्या दिव्यांची होती. टेपमधला करंट पत्र्यातून नाही, दिव्यांच्या बल्बांमधून वाट काढून जात होता. दिवे लावले की त्या तारेत उलट बॅटरीचा करंट येणार, वाट बंद, टेप गप. दिवे घालवले की वाट मोकळी. माझे पार्किंगचे बल्ब खड्ड्यांनी एक-एक करून गेले होते. जेवढे बल्ब कमी तेवढी वाट चिंचोळी, तेवढा टेप मंद. मंद टेपमध्ये बाईचा आवाज फिरला तर पुरुषाचा होतो. चावी काढली तरी बोलतो, कारण लाल तार थेट. आणि फाट्यावरच का? कारण बाकी सगळीकडं मी पट्टी काढत होतो. तेवढ्या एका जागी मी थांबत होतो, इंजिन बंद करून, दिवे घालवून, बॅटरी जोडलेली ठेवून.

सगळं जुळलं. पोरीचं बोलणंही जुळलं, ते मी तिला सांगितलं नाही.

त्याच सांजेला फाट्यावर गेलो. इतर पोरांना माझ्या मेहुण्याच्या टेम्पोत घालून दिलं होतं. आईला निरोप धाडला होता की पोरीला घेऊन या, एकदाच. ती आली. जीपपासून लांब, रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली. पोरगी मात्र सरळ येऊन पुढं बसली.

"बघा, माय," मी म्हणालो. दिवे घालवले. खालून आल्यासारखा तो आवाज सुरू झाला. मागं दगडांचे ढीग काळे पडत चाललेले, वारा नाही, पाखरूही नाही. दोष कुठं आहे हे मला ठाऊक होतं, तार माझ्या हातात होती, आणि तरी मानेवरचे केस उभे राहिले. आई रस्ता ओलांडून आली. खिडकीच्या चौकटीला तिनं हात धरला.

मी दिवे लावले, आवाज गेला. घालवले, आला. बल्ब लावून दाखवला. सांगितलं, माय, ही तार इथं पाहिजे होती, ती तिथं गेली. मग म्हणालो, "आता बघा कसा जातोय तो," आणि टेपची काळी तार दिव्याच्या तारेवरून सोडवून, खरवडून ठेवलेल्या पत्र्याला टेकवली.

तो आवाज वर चढायला लागला. जाड होता तो बारीक होत गेला, ओढत होता तो भरभर झाला, आणि बघता बघता त्या पुरुषाच्या घशातून एक बाई बाहेर आली आणि जात्यावर ओवी म्हणायला लागली. स्वच्छ, खणखणीत. मीटरमागचा निखारा विझला.

मला वाटलं होतं, आई सुटकेचा श्वास टाकेल. ती म्हणाली, "हे काय केलंत, दादा? माझ्यासमोर गेले की ते परत."

पोरगी म्हणाली, "आई, बघितलंस न्हवं? तार हाय ती."

"तारेतून का असंना. येत व्हता तर खरा." मग तिनं मला विचारलं, "तसंच लावता का? होतं तसं?"

मी तार पुन्हा दिव्याच्या काळीला लावली. बाई बुडाली, आवाज खाली गेला, निखारा लागला. आई ऐकत राहिली. कॅसेटची एक बाजू संपली, आपोआप उलटली, दुसरी सुरू झाली. ती मधेमधे हळू काहीतरी बोलत होती, आम्हाला कळणार नाही असं. ती बोलली की थांबायची. टेप थांबत नव्हता, पण त्याच्या ओढीत जिथं जिथं खंड पडायचा तिथंच ती बोलायची. तिला ते खंड पाठ होते.

शेवटी ती म्हणाली, "दादा, हे सकाळी कधी बोलतात का? पोरगी जाताना?"

"न्हाई. सकाळी मी इंजिन बंदच करत न्हाई."

"म्हंजे पोरगी निघती तेव्हा अडवत न्हाईत. ती परत येती तेव्हाच येतात." तिनं पोरीकडं बघितलं. "न्यायला न्हाई येत. घरी सोडायला येतात तुला."

मी सांगायला तोंड उघडलं की अहो, सकाळी इंजिनाचा आवाज, संध्याकाळी दिवे, त्याचं हे कारण, त्याचं ते कारण. पोरीनं माझ्या हातावर हात ठेवला. मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

"उद्यापासून घेऊन जा तिला," आई म्हणाली. "पण हे दुरुस्त करू नका. रोज सांजेला घटकाभर थांबा इथं, जसं थांबत व्हता तसं."

"लोक काय म्हणतील, माय? मला चहाच्या गाड्यावर तोंड दाखवायचं असतंय. दोष सापडला हाय मला, आन् मी तो तसाच ठेवू?"

"मग पोरगी घरीच."

ती काही हट्टानं बोलत नव्हती. शेतातलं काम सांगावं तसं सांगत होती. पोरगी समोर काचेतून बघत होती, अंधार पडत आलेल्या दगडांकडं. मी दिवे लावले, त्यांना घरापर्यंत सोडलं, आणि घरी येऊन काळी तार पत्र्याला पक्की केली. स्क्रू पिळून, दोन आटे जास्तीचे. मला कुणी अट घातलेली चालत नाही. जेवलो नाही, झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, पेचकस घेतला, तो स्क्रू सोडवला आणि काळी तार स्वतःच्या हातानं पुन्हा दिव्याच्या तारेला पिळली. वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली, टेप बसवणाऱ्याच्या बापाला जमली नसती इतकी सफाईदार. मग फाट्यावर गेलो, इंजिन चालूच ठेवून हॉर्न वाजवला, आणि ती दप्तर घेऊन पळत येईपर्यंत वाजवत राहिलो.